साडेतीनपट भिंग आणि तिळाएवढा दात

मित्रांनो, कपाळाला पट्टा बांधून जे भिंग डोळ्यांपुढे उतरवतात, ते मी. माझा पट्टा आता सैल पडला आहे, काचांवर चरे आले आहेत. पण स्मृती शाबूत आहे, म्हणून माझी हकिगत मीच निवेदन करते.

कारखान्यात माझ्या काचा यथाविधी घासल्या गेल्या आणि मग दोन वर्षे मी एका चष्म्याच्या दुकानात कपाटात बसून राहिले. माझ्यासोबत काचांच्या दोन जोड्या होत्या. थोरली साडेतीनपट मोठे दाखवी, धाकटी जेमतेम पावणेदोनपट. धाकटीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

एके दिवशी दुकानात एक बाई आणि त्यांचे थोरले बंधू आले. बाई जीवाश्म, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी दगड होऊन गेलेले जीव, सुईने खडकातून मोकळे करीत. बंधू घड्याळे दुरुस्त करीत. संग्रहालयाने बाईंकडे एका चिमुकल्या प्राण्याचा जबडा सोपवला होता. तो नीट मोकळा झाला, तर त्याच खाणीतले उरलेले अकरा दगड त्यांना मिळणार होते. न झाला, तर परगावच्या कारागिराकडे जाणार होते. साठी उलटलेल्या बाईंची नजर मंदावली होती आणि या कामावाचून त्यांना दुसरे काही नको होते.

दुकानदारांनी विचारले, "बाई, हातात काय धरता? आणि डोळा कामापासून किती लांब असतो?"

बाई उत्तर देणार तोच बंधू म्हणाले, "अहो, चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलोय मी. ताकदीची काच द्या. जितकं मोठं, तितकं बरं."

"दादा, माझी सुई लांब असते रे."

"अगं, सुई लांब असो नाहीतर आखूड, बघायचं डोळ्यांनीच ना!"

दादांपुढे बाईंचे आजवर कधी चालले नव्हते. थोरली काच माझ्यात बसली आणि धाकटी डबीत गेली.

दादांचे चुकले ते इथेच. घड्याळजीचा चिमटा आखूड आणि चाके सपाट. त्याला चार बोटांचे अंतर पुरते. बाईंची सुई मात्र वीतभर दांड्यात बसवलेली, आणि दगड उंचसखल. स्पष्ट दिसावे म्हणून त्यांना तोंड पार दगडाशी न्यावे लागे, आणि दिसे ते नखाएवढेच. मला हे कळत होते. पण भिंगाला वाचा कुठली?

तीन आठवडे बाईंनी मान मोडून काम केले. शेवटचा दात उरला. प्राण्याची जात त्याच दातावरून ठरायची होती. तेवढ्यात सुईचा दांडा माझ्या कडेवर आपटला, सुई घसरली आणि दात टचकन उडाला.

"दादा, पाय हलवू नकोस!" बाई ओरडल्या.

त्यांच्या कामाचा हा नियमच असतो. तुकडा उडाला की ज्याने त्याने आहे तिथेच थांबायचे, कारण चपलेखाली चिरडलेला तुकडा पुन्हा मिळत नाही. दादा चहाचे दोन कप घेऊन दारात आले होते. एक पाय आत, दुसरा अधांतरी.

"असा बगळा होऊन किती वेळ उभा राहू?"

"दात सापडेपर्यंत."

"माझं राहू दे गं, चहा गार होतोय."

थोरल्या काचेतून शोधणे म्हणजे किल्लीच्या भोकातून मैदान पाहणे. बाईंनी हाताशी असलेल्या डबीतून धाकटी काच काढून माझ्यात बसवली, आणि अख्खे मेज एका नजरेत आले. त्यांनी आधी मांडीवरचे फडके पाहिले, मग दगडाची पूड झेलणारे ताट, मग दगडाखालची वाळूची पिशवी. पिशवीच्या शिवणीत दात अडकला होता, तिळाएवढा.

बाईंनी तो जागच्या जागी चिकटवला. दादांनी वाकून पाहिले.

"कुणाच्या बापाला कळणार नाही. गप्प बस आता. उगाच अकरा दगड घालवशील."

"दुकानात गप्प बसले, तेवढं पुरे झालं, दादा."

त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'शेवटचा दात माझ्या सुईने तुटला. मूळ जागी चिकटवला आहे.'

जबडा, चिठ्ठी आणि मला घेऊन बाई संग्रहालयात गेल्या. तिथल्या प्रमुखांनी चिठ्ठी वाचली, मला कपाळाला बांधले आणि बराच वेळ दात पाहत राहिले. समोर बाई पदराचे टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

"चिठ्ठी नसती," ते अखेर म्हणाले, "तर दातावरची ही रेघ मी प्राण्याची जिवंतपणीची जखम समजलो असतो. तसं छापूनही टाकलं असतं." मग त्यांनी मला उतरवले. "उरलेले दगड सोमवारी पाठवतो."

ते अकराही दगड बाईंनी धाकट्या काचेतून, ताठ मानेने मोकळे केले. पुढे त्यांचे हात थकले आणि मी खोक्यात गेले. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, भिंग निवडताना ताकद विचारण्याआधी आपला हात आणि कामाचे अंतर पाहा. काचेवरची दगडाची धूळ फडक्याने पुसू नका, आधी फुंकून उडवा. माझे बहुतेक चरे घाईच्या पुसण्याचे आहेत. आणि हातून काही मोडले, तर ते लिहून ठेवा. पुढे कधीतरी कुणी अनोळखी माणूस त्याच दगडावर डोळा लावील, आणि तेव्हा खरे सांगायला तुमच्या त्या दोन ओळींवाचून तिथे कुणीही नसेल.