ज्याचा गळ त्याची गाठ

दोघा भावांचा एकच नियम होता: ज्याचा गळ त्यानेच बांधायचा. दुसऱ्याने बांधून दिलेल्या गळाला लागलेला मासा आपला म्हणायचा नाही, मग तो देवमासा का असेना. नियम थोरल्याचा. तो शिंपी, गाठीच्या बाबतीत त्याचा जगात कुणावर भरवसा नव्हता, धाकट्यावर तर नाहीच. धाकटा बसचा ड्रायव्हर, आणि त्याच्या गाठी, शिंप्याच्या मते, बैल बांधायच्या लायकीच्या. यावरून समुद्रातल्या दगडी बंधाऱ्यावर चाळीस वर्षं दर रविवारी भांडण होई, आणि ते झाल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नसे.

यंदा साखरेच्या आजाराने शिंप्याच्या बोटांतली जाणीवच गेली. आधी सुई हातातून पडू लागली, मग गिऱ्हाइकं गेली, मग दुकानाला कुलूप लागलं. राहिला तो रविवार. तोही गेला तर घरात खुर्ची टाकून सुनेची वाट अडवत बसायचं, एवढंच उरणार होतं. म्हणून त्या सकाळी त्याने धाकट्याकडे पाठ फिरवली आणि गळ बांधायला घेतला. दोऱ्याचे पाच वेढे, टोक परत आत, मग थुंकी लावून हळूच ओढायचं. गाठ कोरडी ओढली की नायलॉन भाजतो आणि ऐन वेळी दगा देतो. अर्धा तास गेला. गळ दोनदा बोटात घुसला, तेही रक्त दिसलं तेव्हा कळलं. गाठ बसली की नाही हे बोटं सांगेनात. डोळ्यांना तरी बसल्यासारखी दिसली. धाकटा चहा ओतत राहिला.

भरतीचं पाणी दगडांवर चढलं तसा शिंप्याने कोळंबी लावून गळ लांब फेकला. थोड्या वेळाने काठी वाकली आणि रीळ करकरलं. मासा चांगलाच जड होता. शिंप्याला हसूच फुटलं. कितीतरी महिन्यांनी हातातलं काहीतरी खांद्यापर्यंत कळत होतं. चंदेरी पोट एकदा पाण्यावर दिसलं. मग काठी एकदम सरळ झाली.

धाकट्याने लगबगीने दोरा ओढून घेतला आणि टोक पाहिलं.

"खडकाला घासून तुटला, दादा. खडकापुढे कुणाचं चालतंय?"

शिंप्याने दोरा मागून घेतला आणि टोक ओठांवरून फिरवलं. ओठांना अजून कळत होतं. खडकाला घासलेला दोरा खरखरीत होतो. हे टोक गुळगुळीत होतं आणि डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. गाठ सुटली की असंच होतं. धाकट्याला हे त्यानेच शिकवलं होतं.

म्हणजे धाकट्याला कळलं होतं. एवढी आयती संधी त्याने चाळीस वर्षांत कधी सोडली नव्हती. त्याने टिंगल केली असती, तर शिंपी पुढच्या रविवारी नक्की आला असता. त्याने दया केली.

"खडकच असणार," तो म्हणाला.

"पुढच्या खेपेला गळ मीच घरून बांधून आणतो," धाकटा समुद्राकडे बघत म्हणाला. "तू नुसता टाक."

शिंपी बरं म्हणाला आणि काठीचे तुकडे सुटे करू लागला. शेवटचा सांधा त्याला निघेना, तेव्हा त्याने काठी भावाच्या हातात दिली.

"राहू दे तुझ्याकडेच."

धाकट्याने सांधा सोडवला आणि काठी आपल्या सामानात ठेवली.