नांगरलेल्या शेतांची मोजदाद

‘गावातील शेतांची नांगरट झाली असून बेचाळीस कुटुंबे परतली आहेत, सबब अर्जदारास परत पाठवण्यात धोका नाही.’

श्रीलंकेतल्या शस्त्रसंधीला सव्वा वर्ष झाले होते. मे २००३ मध्ये युरोपातल्या एका सरकारने हे वाक्य प्रमाण मानून त्या गावच्या एका विधवेचा आश्रयाचा अर्ज फेटाळला. तिच्या नवऱ्याला याच गावातून उचलून नेले होते. अपिलाची सुनावणी गुरुवारी होती; ती हरली असती, तर दोन मुलींसह तिची तिकडे रवानगी ठरलेली.

वाक्य लिहिणारा राजरत्न ओतूरच्या महाविद्यालयात माझा विद्यार्थी होता; आता तो त्या सरकारच्या श्रीलंकेतल्या वकिलातीत पाहणी अधिकारी होता. रजेवर आल्यावर अहवाल त्यानेच मला अभिमानाने वाचायला दिला. भाषा निर्दोष होती. ‘परतली’ हे कोणी, कसे पाहिले, एवढेच कळेना. म्हणून घोडेगावजवळच्या त्याच्या घरी गेलो.

“बेचाळीस कशी मोजलीस?”

“शेतं मोजली, सर. तेवढी नांगरलेली होती.”

“किती वाजता?”

“अकराला. शेजारच्या निर्वासित छावणीवरून गेलो. दोनला गाडी परत. सुरक्षेचा नियम.”

“घरं?”

“तिकडे जाऊ देत नव्हते. सुरुंग काढायचे बाकी होते.”

म्हणजे अधिकाऱ्याने ज्या घरापाशी जाणे धोक्याचे, तिथे विधवेने राहणे सुरक्षित.

ओसरीवर त्याची आई, जानकाबाई, गहू पाखडत होती. तिचे गाव डिंभ्याच्या धरणात गेले; हे घर पुनर्वसनात मिळालेले. पाणी ओसरले की गावकरी खाली उतरतात, उघड्या पडलेल्या गाळात गाळपेराचे पीक घेतात आणि संध्याकाळी वर येतात. तिने सूप थांबवले नाही.

“मास्तर, लई शिकवलंत याला. बुडाल्या गावात आमी बी नांगर धरतो. मंग आमी परतलो का रं? सांग सरकारला, हे घर बी काढून घेतील.”

“आई, तिथं धरण नाही.”

“छावणी हाय ना? दिवसा शेतात, रातच्याला छावणीत. निजता कुठं, इचारलंस का त्या बायांना?”

मग त्याने कागद ओढला आणि अपील अधिकाऱ्यांना लिहिले:

“मी नांगरट पाहिली, राहणारे माणूस पाहिले नाही. रात्री कुठे झोपता, हे मी एकालाही विचारले नाही. विचारले असते तर आकडा लिहिता आला नसता, हे मला तेव्हाच माहीत होते.”