जगदेवचा खुराक

खुराकाचं खूळ आमच्या वस्तीत आणलं ते ग्यानबानं. ग्यानबा शेलूबाजारला धान्यबाजारात हमालांचा मुकादम होता आणि वस्तीतल्या पोरांचा उस्तादही. विहारामागच्या मोकळ्या जागेत त्यानं तालीम काढली होती. तालीम म्हणजे फार काही नव्हे, बैलगाडीचा एक जुना लोखंडी आस आणि घमेल्यात सिमेंट ओतून केलेल्या चकत्या. त्या चकत्या लावून आस डोक्यावर नेणारा पोरगा होळीच्या सुमारास बाजारात नेला जायचा. तिथं भरलं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीच्या माथ्यापर्यंत चढला, की तो ग्यानबाच्या टोळीत.

नव्या पोराला ग्यानबा पहिल्याच दिवशी विचारायचा, "घरी खुराक काय हाये?"

आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचा, "दूध, बदाम, अंडे, काई तरी पाह्यजे. खुराक नसन त्यानं लोखंडाले हात लावू नोको. कोरड्या भाकरीवर वजन उचलाले तू काय गाढव हायेस?"

आम्ही सगळे थापा मारायचो. एकानं दूध सांगितलं. त्याच्या घरची शेळी चहापुरतं द्यायची. मी अंडी सांगितली. आमची एकुलती एक कोंबडी मनात आलं तर घालायची. ग्यानबा कोणाच्या चुलीपाशी बघायला जात नव्हता. गावातल्या मोठ्या आखाड्यात पाटलांची पोरं दूध-बदाम खात आणि तसं बोलूनही दाखवत. धम्म घेतल्यापासून आपण कशातच कमी नाही, असं आमच्या वस्तीला दाखवायचं होतं. मग खुराकात तरी कमी का पडायचं, इतकाच त्यातला अर्थ.

खोटं बोलता आलं नाही ते एकट्या जगदेवला. "घरी काईच नाई," असं तो सरळ म्हणाला, आणि ग्यानबानं त्याला परत पाठवलं. ही चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याची गोष्ट.

जगदेवला ती हमाली आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती. त्याचा बाप जन्मभर माणिकरावांचा सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला माणूस. दिवस मालकाचा, रात्रही मालकाचीच. बाप त्यांच्याच विहिरीच्या कामावर असताना मेला. तेव्हापासून माणिकरावांचा निरोप यायचा, पोराला धाडा, आणि जगदेवची माय मनकर्णाबाई काहीबाही सांगून तो टाळायची. ती स्वतः त्यांच्याच शेतात रोजानं जायची, पण लेकाला तिथं बांधायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. हमालाचे पैसे संध्याकाळी हातात पडतात आणि बाजार उठला की त्याचा कोणी मालक नसतो. तिला लेकासाठी एवढंच पाहिजे होतं.

लेक तालमीतून परत आला तेव्हा ती विचारात पडली. दुष्काळ सरून वर्ष उलटलं तरी ज्वारी महागच होती. दूध आणि बदामाचं तर नावच नको. मग तिला माणिकरावांच्या बैलांची आठवण झाली. ते बैल लाख खायचे. लाख हे तुरी-हरभऱ्याच्या भाऊबंदातलं हलकं कडधान्य. पाणी नसलं तरी पिकतं, म्हणून बैलाच्या दावणीत आणि गरिबाच्या हंडीत सारखंच जातं. मनकर्णाबाई माणिकरावांच्या खळ्यावर गेली.

"मालक, माह्या मजुरीत ज्वारी नोको. लाख द्या."

"काहून वो?"

"पोट्टा वजन उचलाले जाऊन राह्यला. तुमचे बैल हेच खातेत नं?"

माणिकराव पोट धरून हसले. एक पायली ज्वारीच्या जागी त्यांनी तीन पायल्या लाख मोजून दिली. त्यांचंही काही नुकसान नव्हतं.

तिनं ग्यानबाला विचारून घेतलं. मोठ्या माणसाला सल्ला विचारला की तो फुगतो, तसा ग्यानबा फुगला. "लाख चालते नं. बैलाची ताकद हाये तिच्यात," तो म्हणाला. "पन शिजवलेलं पानी फेकू नोका बाई. सारं सत्त्व पान्यात असते."

आता आमच्याकडे लाख शिजवायची एक रीत होती. एक उकळी आली की ते पाणी ओतून द्यायचं आणि नवं पाणी घालून शिजवायचं. का, ते कोणी विचारलं नव्हतं. पोट फुगतं म्हणायचे. मनकर्णाबाईनंही जन्मभर ते पाणी उकिरड्यावरच ओतलं होतं. पण हा काही पोट भरायचा घास नव्हता, खुराक होता. ती ते पाणी गाळून, मीठ घालून जगदेवला पेल्यात देऊ लागली. सकाळी बदामांच्या जागी रात्रभर भिजवलेली मूठभर कच्ची लाख, आणि तिचंही पाणी. दोन्ही वेळच्या भाकरीतही लाखेचंच पीठ. ती स्वतः कण्यांच्या आंबिलीवर राहिली. लाखेचा दाणा तिनं तोंडात घातला नाही, कारण तो लेकाचा होता.

जगदेव तालमीत आला आणि पाहता पाहता आमच्या पुढे गेला. दिवाळीनंतर त्याचे खांदे भरले, मान रुंद झाली. ग्यानबा सगळ्यांना त्याच्याकडे बोट दाखवायचा, "पाहा, खुराक दिसून राह्यला." दंडात गोळे आमच्याही आले होते. पण आम्ही थापांच्या खुराकावर उचलत होतो, हे ग्यानबाला ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला ठाऊक असून कोणाच्या डोक्यात त्याचा अर्थ शिरला नाही. इतके आम्ही शहाणे.

संक्रांतीच्या सुमारास जगदेवच्या पोटऱ्यांत पेटके येऊ लागले. सकाळी उठल्यावर पाय लाकडासारखे ताठ असायचे, चार पावलं टाकल्यावर मोकळे व्हायचे. त्यानं ग्यानबाला सांगितलं.

"नवं अंग हाये," ग्यानबा म्हणाला. "पहिल्या साली दुखतेच. खुराक वाढव."

मनकर्णाबाईनं मूठ मोठी केली. पुढं पुढं जगदेवची टाच जमिनीला नीट टेकेना. तो चवड्यांवर चालायचा, गुडघे एकमेकांना घासायचे. आम्ही त्याला 'नवरी' म्हणायचो. "नवरी आली, वाट द्या," असं ओरडायचो आणि तोही हसायचा. वजन मात्र तो उचलतच होता. हात, खांदे, पाठ, सगळं त्याचं ऐकत होतं, त्यामुळे पायांची भीती कोणालाच वाटली नाही.

होळीच्या आधी तुरीची आवक होती तेव्हा ग्यानबानं त्याला बाजारात नेलं. आम्हीही मागून गेलो. दोघांनी पोतं उचलून जगदेवच्या पाठीवर दिलं. त्यानं ते सहज घेतलं. फळी चढायला लागला, आणि अर्ध्यावर थांबला.

"चाल नं बे," खालून कोणीतरी म्हणालं.

"पाय येऊन नाई राह्यले," जगदेव म्हणाला. आवाज अगदी साधा होता. पोतं पाठीवर तसंच तोललेलं, कमरेपासून वर एक नस हललेली नाही, आणि खाली दोन्ही पाय थरथरत एकमेकांत अडकत चाललेले. ग्यानबानं ओरडून पोतं टाकायला सांगितलं. त्यानं टाकलं नाही, कारण टाकलं असतं तर गेली असती हमाली. शेवटी तो पोत्यासकट बाजूला कलंडला. हाड मोडलं नाही. सगळ्यांना वाटलं, थोडक्यात वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठता आलं नाही. हात देऊन उभं केलं तर पाय कात्रीसारखे एकावर एक चढायचे. अंगारा झाला, तेल चोळून झालं. मग मी आणि मनकर्णाबाई त्याला एसटीत घालून वाशीमला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तळव्यावर टोक ओढून पाहिलं, आणि विचारलं, "हा जेवतो काय?"

मनकर्णाबाईला वाटलं, पोराला उपाशी ठेवलं असा संशय आहे. तिनं अभिमानानं सांगितलं. भिजवलेली लाख, लाखेची भाकर, लाखेचं पाणी. "एक थेंब फेकला नाई, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरनं हातातली हातोडी बाजूला ठेवली. मग तिला समोर बसवून त्यानं समजावलं. लाखेत एक विष असतं. दुसऱ्या धान्याबरोबर कधीमधी खाल्लं तर निभतं. महिनोन्महिने तेच खाल्लं की पायांकडे जाणाऱ्या नसा मरतात, आणि अंगमेहनत करणाऱ्या तरण्या पोरांचे पाय आधी जातात. ते विष पाण्यात उतरतं. म्हणून तर जुन्या बायका पहिलं पाणी ओतून देतात.

"मंग आता फेकत जाईन," ती म्हणाली.

"आता लाख खाऊच घालू नका."

"नाई घालत. पाय कवा येतीन याचे?"

"येणार नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाला. तो चांगला माणूस होता, पण ते ऐकून मला त्याचा रागच आला.

आठवड्यानं ग्यानबा त्यांच्या घरी आला. हातात लोटाभर दूध आणि कागदात बांधलेले बदाम. जयभीम घालून तो उंबऱ्याजवळच बसला. जगदेव भिंतीला टेकून बसला होता. मनकर्णाबाई रडली नाही की ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "ग्यानबाभाऊ, तुमी नवे होते तवा काय खात होते?"

ग्यानबानं दुधाचा लोटा तिच्याकडे सरकवला.

"सांगा नं. तुमाले कोन देत होतं दूध?"

"कोनीच नाई," ग्यानबा म्हणाला. "भाकर न् अंबाडीची भाजी. नसली भाजी तं मिरची."

"तेवढ्यावर उचललं?"

"तेवढ्यावरच उचललं."

जगदेव म्हणाला, "मंग मले काहून परत धाडलं, दादा? भाकर तं आमच्या घरी बी होती."

ग्यानबानं आखाड्यातल्या पोरांचं, पाटलांच्या हसण्याचं, वस्तीच्या इभ्रतीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मधेच सोडलं. त्या दिवशी मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. आणि तो तिथंच मान खाली घालून बसला, तेव्हा त्याची दयाही आली. त्यानंतर त्याच्या तालमीत कोणी गेलं नाही. त्यानंही बोलावलं नाही.

मनकर्णाबाईनं ते दूध तापवून जगदेवला दिलं. वाया घालवण्याइतकं दूध आमच्यात कोणाच्याच घरी नव्हतं.

पुढं ज्वारीच्या कणसांत दाणा भरला तेव्हा माणिकरावांचा निरोप आला. पोराला पाखरं राखायला मचाणावर बसवा, गोफण तर हातानंच फिरवायची असते. गावात सगळ्यांनी त्यांना चांगलं म्हटलं. तालमीतल्या आम्ही दोघांनी जगदेवला उचलून मचाणावर चढवला. लोखंडानं कमावलेले खांदे अजून तसेच होते. त्याच्या गोफणीचा दगड शेताच्या पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जायचा, आणि पाखरांचा थवाच्या थवा एकदम उठायचा.

संध्याकाळी माणिकराव खळ्यावर म्हणाले, "मनकर्णा, रोजाचा हिशोब नोको. याले सालाच्या बोलीवर ठेवून घेतो. ज्वारी देईन, लाख नाई देत."

 मनकर्णाबाईनं पदर सावरला आणि हो म्हणाली.