पाणबुडीतून घरी आलेला स्वेटर

बाईंनी एकदा एक नेम धरला होता आणि त्या नेमातूनच मी जन्मलो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मी एक लोकरीचा स्वेटर. रंग राखाडी. पुढून दुहेरी, मागून एकेरी. हसू नका, त्यालाही कारण आहे.

साहेब पाणबुडीवर अधिकारी. लग्नानंतर पहिल्यांदा लांबच्या फेरीवर निघाले तेव्हा "साधारण सहा आठवडे" एवढंच सांगून गेले. कुठे, कशाला, ते विचारायचं नसतं. पत्र नाही, फोन नाही. बाईंनी माझी पाठ आणि दोन्ही बाह्या आधीच विणून ठेवल्या होत्या, पुढचा भाग तेवढा राहिला होता. त्यांनी देवापुढे बसून मनाशी ठरवलं. रोज अंघोळ-पूजा झाली की चार ओळी विणायच्या, कमी नाहीत, जास्त नाहीत. गळ्याचे टाके बंद करायचे ते साहेब दारात आल्यावरच. आणि साहेबांबद्दल कुणाला, अगदी त्यांनाही, काही विचारायचं नाही. देवाला सोपवलं म्हणजे सोपवलं.

बेचाळीस दिवसांत पुढचा भाग पाठीएवढा झाला. साहेब आले नाहीत.

नणंद रोज येऊन डोकवायची. पन्नासाव्या दिवशी तिला राहवलं नाही. "वहिनी, थांब की आता. दादाला घालायचाय की जिराफाला?"

"येईपर्यंत होतील थोडे उंच," बाई म्हणाल्या आणि पुढचा टाका उचलला. बोलणं हलकं होतं, पण बोटं हलकी नव्हती. त्या जादा दिवसांचे टाके माझ्या अंगावर अजूनही घट्ट आहेत. हात फिरवलात तर लागतील.

साठाव्या दिवशी साहेब आले. दाढी वाढलेली, डोळे उजेडाला दिपलेले. बाई दारात गेल्या त्या सुया घेऊनच.

"उभेच राहा. टाके बंद करते."

"अगं, आत तरी येऊ दे."

"नेम आहे. उभे राहा म्हटलं ना."

साहेब पायांत बूट तसेच ठेवून उंबरठ्यावर उभे राहिले. जादा भाग उसवायला बाई तयार नव्हत्या. नेमाची वीण उसवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग तो खालून वर, बाहेरच्या बाजूने दुमडून कडांनी शिवला आणि वरची बाजू उघडी ठेवली. पोटाशी एक छानशी पिशवी झाली. पुढच्या फेरीत साहेब त्या पिशवीत पेन्सिल आणि टिपणवही ठेवू लागले, आणि पाणबुडीच्या आचाऱ्याने त्यांचं नाव ठेवलं कांगारू साहेब.

अशी माझी पंचवीस वर्षं पाण्याखाली गेली.

तिथे दिवस नाही, रात्र नाही. साठ माणसं एका नळकांड्यात. एक जण पहाऱ्यावरून उतरला की दुसऱ्याच्या ऊबदार अंथरुणात शिरायचा. एकटं असं कुणाला राहताच येत नसे. साहेबांकडे यंत्रं होती, बॅटऱ्या होत्या, आणि सगळ्यांना श्वासाला पुरणारी हवा. पंप, पंखे, झडपा यांचे आवाज त्यांना घरच्या माणसांच्या पावलांसारखे ओळखू यायचे. जरा वेगळं काही ऐकू आलं की जागीच थांबायचे, नळीवर हात ठेवायचे.

तिथली एक रीत मला फार आवडायची. कुणाची चूक झाली की त्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं, "चूक माझी." सांगितलं की विषय संपला. लगेच सगळे दुरुस्तीला लागायचे. लपवलेली चूक साठ जणांना महागात पडते, कबूल केलेली पडत नाही. साहेबांनी स्वतःही दोनदा असं सांगितलेलं मी ऐकलंय, आणि दोन्ही वेळा कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग नोकरीची वर्षं भरली आणि साहेब कायमचे जमिनीवर आले.

लेकीने त्यांना नोकरीसाठी अर्ज लिहायला बसवलं. "बाबा, तिथे नक्की काय करत होता ते लिहा."

"ते लिहिता येत नाही."

"मग जे येतं ते लिहा."

साहेबांनी बराच विचार करून एक ओळ लिहिली. लेकीने वाचली. "'सर्व जण परत आले.' बाबा, एवढ्यावर कोण घेईल तुम्हाला?"

"तेच तर काम होतं," साहेब म्हणाले.

तरी एका आठ मजली कचेरीत इमारतीच्या देखभालीचं काम मिळालं. तिथली हवा यंत्राची, गार. म्हणून कोटाच्या आत मी असायचो. काम तसं बरं होतं, पण दुपारी जेवायच्या वेळी साहेब डबा घेऊन बसले की आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. लोक वाईट नव्हते. त्यांना काय बोलावं कळत नसे, आणि साहेबांना तर त्याहून कळत नसे. कोटाच्या आत मला त्यांचे ठोके ऐकू यायचे, तेवढाच आमचा संवाद.

तिसऱ्या आठवड्यात हवेच्या नळातून खर्र खर्र आवाज आला, पंखा मोडायला आला की येतो तसा. साहेब जागीच थांबले. क्षणात त्यांनी यंत्र बंद करवलं, धोक्याची घंटा दिली आणि आठही मजले रस्त्यावर उतरवले. कुणी पायांत एकच चप्पल घालून आलं, कुणी अर्धवट दाढी करून, हातात दाढीचं यंत्र घेऊन. कचेरीत दाढी कोण करतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

नळ उघडला तर आत कुणाच्या तरी वाढदिवसाची कागदी पताका अडकलेली.

साहेब सगळ्यांसमोर ताठ उभे राहिले. "आवाज ओळखण्यात चूक झाली. चूक माझी."

आणि आता विषय संपला असं समजून ते कामाला वळले. विषय तर तिथे सुरू झाला होता. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, इथे कुणी बुडत नसतं हो." लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात कुणी ना कुणी खर्र खर्र करायचं. आणि "यांनी स्वतःच कबूल केलंय" असा एक कागद वरपर्यंत गेला. आठवड्याभरात साहेबांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

मग ते गॅलरीत बसू लागले. भर उन्हात, मला अंगावर घालून. सकाळी बसत ते जेवायला उठत, जेवून पुन्हा बसत. लेकीने दोन ठिकाणच्या मुलाखती ठरवल्या, ते गेले नाहीत. "मला काय येतं ते मलाच सांगता येत नाही," एवढंच म्हणाले. माझी लोकर घामाने भिजायची, वाळायची. मी ऊब देऊ शकतो, याहून अधिक मला काही येत नाही, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

बाई चहा आणून ठेवायच्या आणि परत जायच्या. न विचारणं हीच त्यांना इतकी वर्षं सेवा वाटत आली होती. नेम तर त्या पहिल्या फेरीचा, पण अंगवळणी पडला तो पडलाच. एका सकाळी पूजा झाल्यावर त्या उठल्याच नाहीत. मी शेजारच्या खोलीत दोरीवर होतो, मला ऐकू आलं. "देवा, तू यांना सुखरूप आणलंस. पण मला वाटतं, हे अजून खालीच आहेत. आणि वरून हाक मारणारं कुणी नाही."

त्या बाहेर आल्या, गॅलरीत दुसरी खुर्ची टाकली आणि बसल्या.

"अहो, त्या पताकेचा आवाज कसा होता?"

साहेबांनी चमकून पाहिलं. "काय करायचंय?"

"सांगा ना. मला ऐकायचाय."

त्यांनी तोंडाने काढून दाखवला.

"आणि पंखा मोडायला आला की कसा येतो?"

तोही काढून दाखवला. बाईंनी डोळे मिटून ऐकला. "मला तर दोन्ही सारखेच वाटले."

"तेच सांगतोय. सारखेच असतात. थोडा फरक असतो, पण तो तपासायला थांबलं तर..." साहेब बोलत राहिले. गुपितं त्यांनी गुपितंच ठेवली, कुठे गेलो, काय पाहिलं ते नाही सांगितलं. पण हवा कशी जड होते, माणसं आधी चिडतात मग पेंगतात, नवीन पोरगा घाबरला की त्याच्याशी कसं बोलायचं, हे सांगितलं. आमटी उकळून गॅसवर सांडली. बाई उठल्या नाहीत.

रोज एकच प्रश्न, आणि उत्तर संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं त्यांनी धरलं. काही दिवस साहेब दोनच वाक्यं बोलत. एकदा चिडून म्हणाले, "उलटतपासणी आहे का ही?" बाई म्हणाल्या, "हो. उद्याही आहे." आणि सांगता सांगता साहेबांना घरातल्या माणसाला कळतील असे शब्द सापडू लागले.

मग लेकीने अर्ज पाठवलेल्या एका इस्पितळातून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि या वेळी साहेब गेले. त्या दिवशी बाईंनी मला हातात घेतलं, हुंगलं आणि परत ठेवलं. डिझेलचा वास माझ्यातून कधी गेलाच नाही, आणि इस्पितळात तो चालला नसता. कपाटाच्या दारामागून मी वाट पाहत राहिलो.

साहेब परतले. बूट काढायच्या आधीच बोलू लागले.

"अगं, मोठ्या डॉक्टर होत्या मुलाखतीला. काय करत होता म्हणाल्या. मी म्हटलं, बंद जागेत साठ माणसांची हवा सांभाळायचो. मग विचारतात, आधीची नोकरी का सुटली? पताकेचं सगळं सांगून टाकलं."

"सगळं?"

"चूक माझी, हेसुद्धा. त्या हसल्या नाहीत. शस्त्रक्रियेच्या खोल्यांची हवा बघायला माणूस हवाय म्हणाल्या. सोमवारपासून."

 बाईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आता मी वरच्या फळीवर असतो, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. बाहीला एक भोक पडलंय. कपाट क्वचित उघडतं. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? साठ माणसांच्या गर्दीत वाढलेल्याला ही शांतता जड जाते. पण संध्याकाळी त्या दोघांचं बोलणं दाराच्या फटीतून येतं, आणि मी त्यावर दिवस काढतो.

एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी आयुष्यभराचं काम सोडून येऊन खिडकीशी बसलं असेल. देवाचं नाव घ्या, त्याच्याजवळ खुर्ची टाका आणि रोज एक प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. तरी बसून राहा.