निळ्या झग्याखालची लेकरं

विटेनबर्गहून सुटलेलं नव्या धर्मशिकवणीचं वारं आमच्या कोखर नदीकाठच्या गावात जरा उशिराच पोचलं, पण पोचलं ते दारं-खिडक्या आपटतच. शनिवारी भर बाजारात नगरसभेनं दवंडी पिटवली: चर्चमधल्या ज्या चित्रांपुढे आणि मूर्तींपुढे लोक मेणबत्त्या लावून गुडघे टेकतात, ती सगळी आता निघणार. ज्या घराण्यानं जे दिलं असेल ते त्यानं पुढच्या रविवारच्या आत घेऊन जावं. उरेल ते सरपणात.

दोरखंड वळणाऱ्या वेंडेलला ही दवंडी फार आवडली. नवी शिकवण त्याच्या अंगात अशी भिनली होती की दोर वळतानासुद्धा तो नवी स्तोत्रं म्हणायचा. आवाज बेसूर होता, पण भाव खरा. त्याच्या बायकोचा, ओटिलीचा मात्र दवंडी ऐकून जीव खालीवर झाला. चर्चच्या डाव्या भिंतीवरचं मरियामाईचं चित्र त्यांच्याच घरानं दिलेलं होतं. मरियामाईनं आपला निळा झगा दोन्ही हातांनी पसरलाय आणि त्याखाली सगळं कुटुंब हात जोडून बसलंय. एका बाजूला वेंडेल आणि दोन मुलगे, दुसऱ्या बाजूला ओटिली आणि तिच्या मांडीला खेटून चिमुकली लोनी. लोनीच्या डोक्यावर एक लहानसा तांबडा क्रूस होता. चित्रातल्या ज्या माणसाच्या डोक्यावर तसा क्रूस असतो, ते माणूस आता नसतं.

रात्री मसुराचं सार वाढताना ओटिलीनं विषय काढला. "चित्र कधी आणायचं घरी?"

"घरी? मी उठता-बसता लोकांना सांगतो, मूर्ती सोडा, चित्रं सोडा. आणि माझ्याच भिंतीवर मरियामाई? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आपलं चित्र सगळ्यात आधी सरपणात जाईल."

"त्यात लोनी आहे."

"लोनी देवाघरी आहे. लाकडावर नाही."

"ती कुठंय ते मला नका शिकवू." ओटिलीनं पळी भांड्यावर आपटली. "मला कधी कधी तिचा चेहरा आठवत नाही. मग मी चर्चमध्ये जाते, बघून येते. तुम्ही ते जाळलंत तर मी कुठं जाऊ?"

वेंडेल ताटावरून उठला. सार तसंच गार झालं. बायकांना वाटतं पुरुष उठून गेला म्हणजे त्याला काही वाटत नाही. ओटिलीलाही तसंच वाटलं, आणि तिनं उशीत तोंड खुपसून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

सकाळी बघते तर वेंडेल हातगाडी घेऊन दारात उभा. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेलं चित्र.

"जाळायला निघालात?"

"लीनहार्टकाकाकडे. बघू, काही मार्ग निघतो का. चल, मागून धर. दगडांवर आदळायला नको."

लीनहार्ट म्हणजे ते चित्र काढणारा म्हातारा. एकेकाळी तो संतांच्या डोक्यामागे सोन्याची वलयं चढवायचा. आता पाळण्यांवर फुलं काढायचा, आणि त्या दिवशी खाटकाच्या पाटीवरचा बैल रंगवत होता.

"या, या," तो म्हणाला. "संतांचे दिवस गेले, बैलांचे आले. बैल बरा. डोक्यामागे वलय नको म्हणतो."

त्यानं गोणपाट सोडलं आणि आपल्याच जुन्या कामावरून हात फिरवला. मग म्हणाला, "खालची माणसं राहू शकतात. नवे लोक माणसांच्या चित्रांना नाही म्हणत नाहीत. वरची मरियामाई राहायची नाही. तिच्या जागी प्रभू येशू बसवू, 'बाळकांना माझ्याकडे येऊ द्या' म्हणणारा. सध्या सगळीकडे त्याचीच मागणी आहे. मुलं तशीच राहतील, चित्र परत चर्चच्या भिंतीवर जाईल."

"आणि तिचं काय?" ओटिलीनं मरियामाईकडे बोट केलं.

"खरवडावी लागेल, पोरी. नुसता वरून रंग दिला तर चार वर्षांत झगा खालून डोकावायला लागेल. मग सभा माझीच खरवडपट्टी काढेल."

"माझी पोर मी हिच्या झग्याखाली ठेवली होती, काका! आणि आता हिलाच हाकलू?"

तेवढ्यात नव्या शिकवणीचे धर्मोपदेशक उर्बान आत आले. चर्चमध्ये जाणारं कुठलंही चित्र त्यांच्या नजरेखालून गेलं पाहिजे, असा सभेचा हुकूम होता. उंच, तरुण, कायम सर्दी झालेला माणूस. लीनहार्टनं त्यांना सगळं सांगितलं. ते नाक पुसत म्हणाले, "चांगला विचार आहे. प्रभूकडे सगळी मुलं येऊ शकतात, हेच तर लोकांना कळलं पाहिजे."

"सगळी?" ओटिली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सगळी, बाई."

"बाप्तिस्म्याचं पाणी न पडलेलं पोरसुद्धा?"

कोपऱ्यात उभा असलेला वेंडेल एकदम ताठ झाला. ज्या हिवाळ्यात लोनी खोकून खोकून गेली, त्याच हिवाळ्यात ओटिली बाळंत झाली होती. मूल जन्मलं ते गेलेलंच. घरात कोणी कधी त्याचं नाव काढत नसे. नाव तरी कुठून काढणार? ठेवलंच नव्हतं. चित्र काढायच्या वेळी ओटिलीनं जुन्या पुरोहिताच्या हातापाया पडून सांगितलं होतं, लोनीशेजारी एक तान्हं काढू द्या. तो म्हणाला, ज्याला बाप्तिस्मा नाही त्याला स्वर्ग नाही, मग मरियामाईच्या झग्याखाली जागा कशी मिळेल? माणूस दुष्ट नव्हता. त्याला शिकवलं होतं तेच त्यानं सांगितलं. पण त्या दिवसापासून ओटिली चित्रासमोर गुडघे टेकायची तेव्हा एक पोर बघून डोळे निवायचे आणि दुसऱ्यासाठी जळायचे.

उर्बान नाक पुसायचे थांबले. पुस्तकी उत्तर त्यांच्या जिभेवर आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं.

"बाई, तुम्ही पोटात असताना त्याच्यासाठी प्रार्थना केली होती?"

"रोज."

"मग ते पोर देवाकडे आहे. आईचं कण्हणंसुद्धा प्रार्थनाच असते. त्याला हरवलेलं म्हणायचा हक्क कोणालाच नाही."

"मग काढा त्याला चित्रात!"

"अहो, म्हणणं वेगळं आणि चर्चच्या भिंतीवर..." उर्बान चाचरले. "सभेत काही लोक अजून... उगाच आगीत तेल नको."

"उर्बानसाहेब," वेंडेल पुढे आला. "गेली तीन वर्षं तुमचं प्रत्येक प्रवचन मी ऐकलंय. तुमच्यासाठी शेजाऱ्यांशी भांडलोय. प्रभू ज्याला नाही म्हणत नाही, त्याला तुम्ही सभेला घाबरून नाही म्हणणार असाल, तर जुना पुरोहित काय वाईट होता? त्याला निदान जे खरं वाटायचं, ते तो बोलायचा."

उर्बान लाल झाले. मग खिन्नपणे हसले. "काढा," ते लीनहार्टला म्हणाले. "सभेचं मी बघतो. माझी बायकोही दिवसांत आहे," आणि शिंकत बाहेर पडले.

ओटिली मरियामाईसमोर गेली. खरवडायला आता नाही म्हणायची सोय तिला उरली नव्हती, आणि तिची नाही म्हणायची इच्छाही नव्हती, याचंच तिला जास्त रडू येत होतं. तिनं झग्याच्या काठाला ओठ लावले. "आई, रागावू नकोस," ती म्हणाली. "लोनीला तू सांभाळलंस. पण माझं दुसरंही आहे गं. तू लेकुरवाळी आहेस, तुला कळेल."

लीनहार्टनं पातं हातात घेतलं. निळ्या रंगाचे पापुद्रे खाली पडू लागले. "काय निळा होता हा!" तो नाक ओढत पुटपुटला. "असा आता बघायला मिळायचा नाही." दुपार कलायच्या आत मरियामाईच्या जागी नुसती पांढरट फळी राहिली. खाली लोनी होती तशीच हात जोडून बसली होती.

मग म्हाताऱ्यानं कोळसा घेतला. "तान्हं प्रभूच्या हातात देतो. डोक्यावर क्रूस काढतो. ओटिली, चेहरा सांग. कोणाच्या वळणावर होतं?"

ओटिलीनं मान हलवली. सुईणीनं पोर लगेच फडक्यात गुंडाळून नेलं होतं. बघू नकोस, बघितलंस तर विसरणार नाहीस, असं म्हणाली होती.

"मी बघितलंच नाही, काका."

लीनहार्टचा हात फळीवर थांबला. "बरं, मग इतर तान्ह्यांसारखंच..."

"इतरांसारखं नव्हतं," वेंडेल म्हणाला.

ओटिलीनं वळून बघितलं.

"त्याला पुरलं मी. गावकुसाबाहेर, वाळुंजाच्या झाडाखाली. सुईण म्हणाली, तसंच ठेव. पण मला राहवलं नाही. मी फडकं सोडलं." तो बायकोकडे बघत नव्हता, स्वतःच्या राठ हातांकडे बघत होता. "मुलगा होता. केस होते, काळे, ओले. भुवया तुझ्या. उजवी जरा वर चढलेली, रागावल्यासारखी. हनुवटीवर खळी."

"आणि इतकी वर्षं..." ओटिलीनं त्याची बाही धरली.

"तुला सांगितलं असतं तर तूही रोज त्याला बघत राहिली असतीस. म्हटलं, एकानंच बघावं."

कोळसा फळीवर फिरू लागला. लीनहार्टनं आधी कपाळ काढलं. "एवढं?" त्यानं विचारलं. "जरा रुंद," वेंडेल म्हणाला. ओटिलीनं तिवई ओढली, नवऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात धरला.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "मलाही बघू दे."