लांबचं कॉलेज

आई जन्मापासून मुकीबहिरी, पण दोन्ही हातांनी अखंड बडबडायची. ती बडबड कळायची फक्त लेकीला. आईचं बोलणं तीच सगळ्यांना तोंडानं सांगायची, म्हणून शेजारीपाजारी तिला रेडिओ म्हणत. बाप सुतार. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी बायकोची एक खूण शिकायची तसदी त्यानं घेतली नव्हती. मारायला भाषा कशाला लागते?

रेडिओपुढं आता दोन कॉलेजं होती. जवळच्यात एक परकी भाषा शिकून संध्याकाळी घरी येता येणार होतं. लांबच्यात चार परक्या भाषा, भाषाशास्त्र आणि वसतिगृह. तिचा सगळा जीव लांबच्यात अडकलेला. पण आपण गेलो तर आईच्या वतीनं बोलणार कोण, म्हणून तिनं मन मारून जवळचं ठरवलं होतं. आईला ते मुळीच पटेना. जवळच्याचा विषय निघाला की ती नाक मुरडायची आणि लांबच्यासाठी अख्खा हात खिडकीकडे फेकायची.

त्या दुपारी हात असाच फेकला गेला, तेव्हा बाप दारात उभा होता.

"माझ्या घरात माझ्यामागं काय शिजतंय?"

"कॉलेजचं बोलतोय, बाबा."

"पोरीला फूस लावते काय! थांब, हिची जीभच ठेचतो!"

त्यानं आईचा उजवा हात चौकटीत दाबला आणि स्वतः घडवलेलं जाडजूड दार आपटलं. पुन्हा आपटलं. बोटं मोडल्याचा आवाज रेडिओनं ऐकला. ती धावून जाऊन त्याच्या दंडाला कडकडून चावली. त्यानं तिला भिंतीवर भिरकावलं आणि तिसऱ्यांदा दार आपटलं.

दवाखान्यात हवालदार आला, तेव्हा बाप अगदी गरीब गाय झाला होता.

"वाऱ्यानं दार लागलं, साहेब."

"बाईंना विचार," हवालदार रेडिओला म्हणाला.

आईचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. ती डाव्यानं चाचरत बोलली: माझीच चूक, हात दारात सापडला असं सांग. खरं बोललीस तर हा तुला जिवंत ठेवणार नाही.

आजवर रेडिओनं आईचा एक शब्द बदलला नव्हता. आज मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणते, नवऱ्यानं हात चौकटीत धरला आणि तीनदा दार आपटलं."

"खोटं! ती असं म्हणालीच नाही!" बाप किंचाळला.

"मग काय म्हणाली?" हवालदारानं विचारलं.

बापानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला बायकोचं बोलणं कळायला हवं होतं.

नवऱ्याचं तोंड बघून आईला सगळं उमगलं. तिनं डाव्या हातानं लेकीच्या खाडकन मुस्कटात मारली.

"आता काय म्हणाली?"

"बरोबर लिहून घ्या म्हणते."

हवालदारानं बापाची कॉलर धरली आणि त्याला ओढत बाहेर नेलं. आई रिकाम्या दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं डावा हात उचलला आणि खिडकीकडे फेकला.

रेडिओनं गालावरचा हात काढला. तिनंही आपला हात खिडकीकडे फेकला.