दोन ब्रेकची फियाट

माझ्या सासूबाईंनी, सरला रामटेके यांनी, आयुष्यभर रायपूरच्या बायकांना गाडी चालवायला शिकवलं, आणि सगळ्यांना एकाच गाडीवर. पिस्ता रंगाची फियाट. माझा नवरा प्रशिक जन्मायच्या आधीपासून ती घरात आहे. सासरे शामराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक हवा म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी डाव्या बाजूला दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवला. दारावर पेंटरकडून लिहून घेतलं : ‘सरला मोटर ड्राइविंग स्कूल, केवल महिलाओं के लिए’.

पुढे पॉवर स्टिअरिंगच्या गाड्या आल्या. शिकायला आलेल्या मुली फियाट बघून परत जायला लागल्या आणि शाळा बंद झाली. गाडी मात्र बाबांनी बंद पडू दिली नाही. रोज सकाळी चहा झाला की ते बॉनेट उघडायचे, आणि आई खिडकीतून विचारायच्या, “आज काय म्हणते?”

मी नाशिकची. लग्न होऊन इकडे आले, नवा रायपूरच्या एका ऑफिसात लागले आणि गेल्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली. जुन्या वळणाची : गोल दिवे, वर पांढरं छत, खाली निळा रंग, बंपरवर चकाकणारी पट्टी. डॅशबोर्डवर जुन्या गाडीसारखे काटे होते, पण ते स्क्रीनवर काढलेले. क्लच नाही, गिअर नाही.

आईंनी गाडीला एक फेरी मारली. दिव्याच्या गोलावरून हात फिरवला.

“याहीनं आपल्या जमान्याचा चेहरा घेतला वाटते.”

“आवडली का, आई?”

“चांगली आहे न. मन लावून केली आहे. पण पोरी, चेहराच घेतला. चाल नाही घेतली.”

“चाल म्हणजे?”

“ते बसल्याबिगर नाही समजत.” आणि त्यांनी फियाटची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मला वाटलं होतं, गंमत म्हणून एक चक्कर होईल. पण त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी आम्ही नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर जायला लागलो. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, हँडब्रेक डॅशबोर्डच्या खाली ओढायचा. पहिल्या दिवशी मी गाडी इतक्यांदा बंद पाडली की रस्त्यावरच्या गाईसुद्धा आमची सवय करून घेऊन बसल्या. आई रागावत नसत. मी चुकले की त्यांच्या बाजूचा ब्रेक अलगद दाबला जायचा.

“काहून घाबरून राहिली? मी आहे न.”

हळूहळू जमायला लागलं. इंजिनाचा आवाज बदलला की हात आपोआप दांड्याकडे जायचा. माझ्या नव्या गाडीत मी बसून असायचे. इथं मी गाडी चालवत होते. फक्त चढावर थांबून पुन्हा निघणं काही केल्या येईना. क्लच सोडला की गाडी मागं यायची आणि प्रत्येक वेळी आईंचा पाय मला वाचवायचा.

जानेवारीत जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या क्लबानं मेळावा ठरवला. आईंनी नाव दिलं. इतकी वर्षं त्यांनी गाडीचं कौतुक कधी मागितलं नव्हतं. या वेळी मात्र त्यांनी बाबांकडून बंपर आरशासारखा घासून घेतला.

आठवडाभर आधी गाड्यांची तपासणी झाली. क्लबाचे परीक्षक सौमित्र घोष टॉर्च घेऊन आत वाकले आणि डावीकडच्या पेडलांवर उजेड धरला. माणूस सभ्य होता.

“मॅडम, गाड़ी तो लाजवाब है। लेकिन ये दूसरे पेडल कंपनी के नहीं हैं। इन्हें निकाल दीजिए, तभी ओरिजिनल गाड़ियों के मुकाबले में आएगी।”

बाबा हळूच म्हणाले, “सरला, मी अर्ध्या तासात काढून देतो. नंतर परत लावू.”

“नाही,” आई म्हणाल्या.

“अगं, एका दिवसाचीच तर गोष्ट आहे.”

“एका दिवसासाठीसुद्धा नाही. या पेडलवर पाय ठेवून मी बाया तयार केल्या. हे काढलं त मंग दुसऱ्या कोणाची गाडी घेऊन जावं न! माही कायले?” मग घोषबाबूंकडे वळून त्या हिंदीत म्हणाल्या, “साहब, ये गाड़ी ऐसी ही है। और क्या है आपके यहाँ?”

घोषबाबूंनी मान डोलावली. गाडी चालवण्याची एक परीक्षा होती, ती सगळ्या जुन्या गाड्यांना खुली होती. त्यात जो पहिला येईल त्याची गाडी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं.

“बस, त्यातच लिहा,” आई म्हणाल्या.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी त्या अंगणात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण डावा घोटा टम्म सुजला. क्लच दाबायचा तो हाच पाय. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली आणि आराम सांगितला. मला वाटलं, आता जाणं रद्द. आईंनी माझ्याकडं पाहिलं.

“अस्मिता चालवेल.”

प्रशिक उडालाच. “मम्मी, ये अभी सीख रही है! चढाई पे तो गाड़ी छूट जाती है इससे!”

“मी बाजूला बसतो न,” आई म्हणाल्या. वऱ्हाडी रंगात आल्या की त्या ‘बसते’ऐवजी ‘बसतो’च म्हणत.

मी नाही म्हणायला हवं होतं, पण किल्ली उचलून घेतली. खरं सांगायचं तर मला जायचं होतं.

मेळाव्याच्या सकाळी मैदानावर एकेक देखणी गाडी उभी होती. सगळ्यांची नजर खिळली होती ती रणजित साहेबांच्या लांबलचक लाल अमेरिकन गाडीवर. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची पोलादाची रोलिंग मिल आहे. पलीकडे जुन्या वळणाच्या नव्या गाड्यांची वेगळी रांग होती. तिथं प्रशिक माझी निळी गाडी घेऊन उभा.

परीक्षा सोपी दिसत होती. आधी खांबांमधून नागमोडी जायचं. मग मैदानाशेजारच्या पुलाच्या चढावर, अर्ध्यावर, चुन्याच्या रेघेवर थांबायचं आणि झेंडा पडला की निघायचं. मागच्या चाकापासून हातभर अंतरावर मातीचं मडकं ठेवलेलं. गाडी मागं सरली की मडकं फुटणार. शेवटी खाली येऊन रिव्हर्सनं दोन दोऱ्यांच्या मध्ये गाडी लावायची.

रणजित साहेबांची गाडी खांबांमधून राजासारखी गेली. चढावर थांबली, झेंडा पडला आणि फट्! लोक हसले, तेही हसले. त्यांच्यानंतर आणखी मडकी फुटली.

आमचा नंबर आला. पुढच्या एकसंध सीटवर मी आणि आई, मागं बाबा. खांब पार झाले. चढावर रेघेवर थांबले, हँडब्रेक ओढला, पहिला टाकला. झेंडा वर गेला. मी डावीकडं पाहिलं.

आईंनी दोन्ही पाय वर उचलून सीटवर घेतले होते. पट्टीचा पाय आणि बरा पायसुद्धा. खाली त्यांच्या ब्रेकवर काहीच नव्हतं.

“आई! पाय!”

“माहे पाय पाहायले आली का तू? समोर पाह.”

“गाडी मागं जाईल.”

“नाही जात. मले माहीत आहे. तुले माहीत नाही, एवढंच.”

झेंडा पडला. मी क्लच हळूहळू सोडला. इंजिनाचा आवाज जड झाला, स्टिअरिंग हातात थरथरलं, बॉनेट किंचित वर आलं. हाच तो क्षण, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. हँडब्रेक सोडला. एक पळभर गाडी ना पुढं ना मागं. आणि मग ती निघाली. सरळ, वर, एक केसभरही मागं न येता.

मागं बाबा ओरडले, “मडकं शाबूत!”

मी ओरडले की रडले, आठवत नाही. मग रिव्हर्स. आरशात पाहून, मान वळवून, मी गाडी दोन दोऱ्यांच्या मध्ये अशी नेऊन ठेवली की दोरीला वारासुद्धा लागला नाही.

निकाल जाहीर होण्याआधीच टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि पहिली टाळी रणजित साहेबांची होती. घोषबाबू माईकवर म्हणाले, “प्रथम, फियाट, चालक अस्मिता रामटेके. और उनकी उस्ताद, सरला मैडम!” मग खाली येऊन त्यांनी गाडीचं डावं दार स्वतः उघडलं, पेडलांकडं पाहिलं आणि म्हणाले, “अच्छा किया, नहीं निकाले।”

तेवढ्यात गर्दीतून एक खाकी साडी नेसलेली बाई पुढं आली. दारावरची अक्षरं तिनं वाचली होती.

“मॅडम, ओळखलं का? मी नीलिमा. तुमच्याकडं शिकली. आता अॅम्ब्युलन्स चालवतो मी.”

आईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “नीलू! तुले त उजवं-डावं समजत नव्हतं पोट्टे!”

नीलिमाच्या मागं आणखी एक आली, तिच्या मागं आणखी दोघी. एकीनं हाताला धरलेली मुलगी पुढं केली, “आजीला नमस्कार कर, हिनं मम्मीला गाडी शिकवली.” आई दारात बसून होत्या, पाय बाहेर लोंबत होते, आणि बायका त्यांच्या भोवती एकाच वेळी बोलत होत्या, मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत. मी आईंना इतकं मोठ्यानं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मिरवणूक निघाली तेव्हा सगळ्यात पुढं आमची पिस्ता फियाट, मागं लाल अमेरिकन, मग बाकीच्या जुन्या, आणि शेवटी जुन्याचा चेहरा घेतलेल्या नव्या. तेलीबांधाच्या तलावाशी पोचलो तर काठावर लोक उभे राहून हात हलवत होते. मागच्या सीटवरून बाबांचा हात माझ्या खांद्यावर आला.

“सूनबाई, चूप काहून चालली? हॉर्न वाजव न!”

मी हॉर्नवर हात ठेवला आणि तलाव संपेपर्यंत काढला नाही.